कुणालाच न मिळणारी सोय

सांगली, २४ एप्रिल १९९७

दादा,

जय भीम. दोन वर्षांत तुला लिहिलं नाही आणि आजही लिहिलं नसतं. पण एका प्रश्नाचं उत्तर तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. फोन केला होता. माझा आवाज ऐकून तू ठेवलास, म्हणून हे पत्र.

तू वर्कशॉप सोडून बंगलोरला गेलास, पण तू कागदावर काढलेलं झाड इथंच भिंतीवर राहिलं. पृथ्वीराजसाहेबांनी त्याला काच लावून घेतलीय. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला आधी झाडापुढं उभं करतात. "हे बघा, आमचं पंपाचं पॅनेल मुळात एकच. त्यात घालता येतील त्या सगळ्या सोयी या फांद्यांवर. टोकाला पोकळ गोल असेल ती हवी तर घ्या, नको तर सोडा. गोल नसेल ती प्रत्येक पॅनेलात असणारच. खाली नियम लिहिलेत. कुठल्या सोयीबरोबर कुठली घ्यावीच लागते, कुठल्या दोन एकत्र चालत नाहीत. तुम्ही फक्त खुणा करा, आमचा प्रोग्रॅम तुमच्यापुरती चिप भरून देतो." अमेरिकेतल्या कुठल्या अहवालाच्या झेरॉक्सवरून तू हे शिकलास तेही सांगतात. तुझं नाव सांगत नाहीत.

आता प्रश्न. 'भोंगा आणि आपोआप-चालू एकत्र चालणार नाहीत' हा नियम तू का घातलास?

कारण असं. कृष्णाकाठच्या एका पाणीयोजनेवर आपलं पॅनेल आहे. गेल्या आठवड्यात वीज गेलेली असताना तिथला ऑपरेटर खाली जॅकवेलच्या विहिरीत उतरून पंपाच्या शाफ्टभोवतीची गळकी ग्लँड आवळत होता. वीज आली, पंप आपोआप चालू झाला आणि त्याचा उजवा हात शाफ्टमध्ये सापडला. तो म्हणतो, खाली उतरल्याबरोबर मी पेटीवरची किल्ली फिरवून काम-कुलूप लावलं होतं. ते लावल्यावर वीज आली तरी पंप चालू होता कामा नये. ते आहेच त्यासाठी. साहेब म्हणतात, लावलं नसणार, आता हात गेल्यावर म्हणतोय.

मी झाडापुढं जाऊन उभी राहिले. काम-कुलूप घ्यायचं तर खालची पेटी घ्यावी लागते. खालची पेटी घेतली की पंप सुरू व्हायच्या आधी वाजणारा भोंगा घ्यावाच लागतो. आणि भोंगा तुझ्या नियमानं आपोआप-चालूबरोबर चालत नाही. तू होतास तोवर आपोआप-चालूला पोकळ गोल होता. तू गेल्यावर लोडशेडिंग वाढलं, जो तो तीच सोय मागायला लागला, म्हणून साहेबांनी पंच्याण्णव साली तो गोल पांढऱ्या शाईनं खोडला. आता ती प्रत्येक पॅनेलात असते.

पुढचं तुला सांगायला नको. नियमाचं कारण कळव. लवकर कळव.

दीक्षा


सांगली, ६ मे १९९७

दादा,

उत्तर नाही. पोस्टमन सायकल उभी करतो तेव्हा मी खुर्चीतून उठते आणि मग उगाच पाणी पिऊन परत बसते.

तुझी वाट बघण्यात दिवस घालवायचे नाहीत म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. साधा आहे. झाडावरच्या सगळ्या सोयी घ्यायच्या, त्यांचे होतील तेवढे संच करायचे, प्रत्येक संच झाडाला आणि नियमांना चालतो का बघायचं, आणि शेवटी प्रत्येक सोय किती पॅनेलांत येऊ शकते ते मोजायचं. आपला जुना कॉम्प्युटर बराच वेळ घरघरला. मग पडद्यावर एकेका सोयीपुढं आकडे आले. भोंगा, शून्य. खालची पेटी, शून्य. काम-कुलूप, शून्य. एक पोकळ गोल खोडला आणि तीन फांद्या मेल्या. आणखी एक गंमत निघाली. 'कोरडा पंप बंद' ही सोय झाडावर ऐच्छिक काढलीय, पण आपोआप-चालूला ती लागतेच, म्हणजे ती आता प्रत्येक पॅनेलात येते. घ्या किंवा सोडा म्हणायला काही अर्थच नाही. पण त्यानं कुणाचा हात गेला नाही, म्हणून ते राहू दे.

कागद घेऊन साहेबांकडे गेले.

"शून्य म्हणजे काय?"

"म्हणजे काम-कुलूप असलेलं एकही पॅनेल आपण बनवू शकत नाही. झाडच बनवू देत नाही."

"मग फलटणला गेलं ते काय? वडूजला गेलं ते?"

"पेट्या गेल्या, साहेब. किल्ल्या गेल्या. चिपमध्ये कुलूप गेलं नाही."

"चौऱ्याण्णव साली तुझ्या भावानं, प्रशांतनं, माझ्यासमोर तपासलंय. मी स्वतः किल्ली फिरवलीय."

"तेव्हा गोल होता."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दीक्षा, एवढ्याशा गोलानं माणसाचा हात जातो का?"

"गेलाय," मी म्हटलं.

मग ते झाडापाशी गेले आणि एकेक नियम मोठ्यानं वाचला. "हा चुकलाय?" नाही. "हा?" नाही. "गोल खोडला ते चुकलं? लोकांना हवं ते दिलं." तेही नाही. "मग चूक कुठाय? बोट ठेवून दाखव." दादा, मला बोट ठेवता येईना. एकेक घेतलं तर सगळं बरोबर आहे. चूक त्यांच्या एकत्र असण्यात आहे आणि ती कुठंच लिहिलेली नाही. मी सांगत राहिले, ते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्या प्रोग्रॅममध्येच घोटाळा असेल. बघ जरा." मी पुन्हा बघितला. घोटाळा नाही.

घोटाळा तुझ्या प्रोग्रॅममध्ये आहे. गिऱ्हाइकानं खूण केलेली सोय नियमात बसली नाही तर तो ती गुपचूप गाळतो आणि उरलेली चिप भरतो. एक ओळ छापत नाही. फिटर मात्र ऑर्डरीचा कागद बघून पेटी, वायर, किल्ली सगळं बसवतो. लोखंड ऑर्डरीप्रमाणे जातं आणि चिप झाडाप्रमाणे. एक ओळ छापली असतीस तर काय बिघडलं असतं?

आईला मी सांगते की तुझं पत्र येतं. ती गावाकडून विचारत असते आणि मी काहीबाही सांगते. आता काय सांगायचं ते तूच कळव.

दीक्षा


मिरज, १७ मे १९९७

दादा,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

ऑपरेटर म्हणजे आपला जालिंदर. पहिल्या पत्रात नाव लिहिलं नाही, कारण त्याचं नाव वाचून तू लगेच उत्तर दिलं असतंस. मला बघायचं होतं, नुसत्या माझ्या पत्राला देतोस का. बघितलं.

तूच त्याला माणमधून इकडं आणलंस आणि योजनेवर लावून दिलंस. शाळेत तुम्ही दोघं एका पाटीवर लिहायचा, असं आई सांगते. त्याची तीन बोटं गेली आणि मनगट पुन्हा नीट वळणार नाही असं डॉक्टर म्हणतात. आक्काताई वहिनी खाटेवर त्याच्या पायाशी बसून असतात. रडत नाहीत. मला बघितलं की पदर सारखा करतात आणि एकच विचारतात, "आवं दीक्षाताई, ह्यांनी किल्ली फिरवली व्हती. मग मशीन खोटं कसं बोललं?"

जालिंदरला विचारलं तर म्हणाला, "किल्ली माझ्या खिशातच व्हती. कपडे दवाखान्यात कापले तवा हिनं काढून ठिवली. पर किल्ली खिशात व्हती म्हणजे फिरवलीच आसं कुठं हाय, आसं म्हणत्यात. आता काय बोलायचं?"

योजनेची पंचवीस तारखेला बैठक आहे. हलगर्जीपणा केला म्हणून त्याला काढून टाकायचं घाटतंय. तसं ठरलं तर विमा नाही, नुकसानभरपाई नाही, आणि माणसानं स्वतःच्या हातानं हात घालवला हे गावभर कायमचं. साहेबांनी योजनेला लिहून दिलंय की पॅनेल निर्दोष आहे. ते पत्र माझ्याकडूनच टाइप करून घ्यायला निघाले होते. मी उठून गेले, मग त्यांनी स्वतः दोन बोटांनी टाइप केलं.

ते वाईट नाहीत, दादा. जालिंदरला बघायला दोनदा येऊन गेले. पण स्वतः खोडलेल्या एका गोलापायी हे झालं हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही, आणि शिरलं तर ते झोपणार नाहीत हेही मला दिसतं.

बैठकीत मी बोलणार आहे. तुझं उत्तर त्याआधी आलं तर बरं.

दीक्षा


सांगली, २७ मे १९९७

दादा,

आलं नाही. ऐक तर मग काय झालं ते.

बैठकीत मी झाड उलगडलं, नियम सांगितले, शून्य सांगितलं. पंचमंडळी एकमेकांकडे बघत होती. चेअरमन नाथाजीआबा भला माणूस, पण कागद बघितला की त्यांना जांभई येते. ते म्हणाले, "बाई, तुमी शिकल्याल्या हाय. पर शून्याचा आन हाताचा मेळ आमच्या टकुऱ्यात बसंना." मागून एकजण म्हणाला, आपल्या गाववाल्याची बाजू घेतीय. तिथं मी पाच मिनिटं आणखी बोलले आणि माझं मलाच कळलं की मी फक्त आवाज वाढवतेय. सगळं खरं आहे, पुराव्यानिशी आहे, आणि समोरच्याला ते ऐकू येत नाही. असं तुला कधी झालंय का? झालं असेल. तू याच कारणानं जातोयस असं निघताना म्हणाला होतास.

शेवटी मी कागद गुंडाळला आणि म्हटलं, "आबा, पंपावर चला. तुम्हीच किल्ली फिरवा."

उन्हात सगळे चालत गेलो. साहेबही आले. आबा स्वतः पायऱ्या उतरून खाली गेले, जालिंदरची किल्ली पेटीला लावून फिरवली, काढली आणि वर घेऊन आले. खाली कुणी नाही ना, हे मी दोनदा बघून घेतलं. मग मेन स्विच पाडला, थोडं थांबले आणि पुन्हा उचलला.

पॅनेलमध्ये कट्ट झालं आणि पंप सुरू झाला.

आबांनी हातातल्या किल्लीकडं बघितलं. मग पंचांकडं वळून म्हणाले, "आता म्या बी किल्ली फिरवली न्हाई म्हणा."

जालिंदरवरचा ठराव तिथंच रद्द झाला. हात सही करण्याजोगा होईल तेव्हा त्यानं कामावर यावं, बसून करायचं काम देऊ, असं ठरलं. साहेबांनी आबांसमोर सांगितलं की भरपाईच्या कागदावर दोष पॅनेलचा म्हणून मी लिहून देतो.

परत येताना जीपमध्ये, तासगावच्या अलीकडं, साहेब म्हणाले, "अजून कुठं कुठं गेल्यात या पेट्या?" मी गावं सांगितली. "उद्या सगळ्यांना फोन कर. आपोआप-चालू बंद करून ठेवा म्हणून सांग."

मला वाटलं, सुटलं.

दुसऱ्या दिवशी फोन केले. वडूजचा दादासो म्हणाला, "आवं ताई, वीज येती कवा, जाती कवा, आमाला म्हायती न्हाई. आपोआप न्हाई तर त्ये पॅनेल काय भिताडाला टांगू?" मी हात गेल्याचं सांगितलं. "आमी जपून करू की." फलटणच्यांनी तर ऐकूनच घेतलं नाही. ज्यांच्यासाठी एवढं ओरडले तेच म्हणतात, नको तुमचं कुलूप, आम्हाला आपोआप हवं. आणि दोन्ही एकत्र देता येत नाही, कारण मध्ये तुझा नियम बसलाय आणि तू बोलत नाहीस.

तोवर एवढंच केलं की प्रत्येकाला पत्र टाकलं, खाली उतरण्याआधी मेन पाडून फ्यूज सोबत न्या. किती जण नेतील कुणास ठाऊक.

दीक्षा


सांगली, १२ जून १९९७

दादा,

उत्तर मिळालं. टाइप केलेलं, इंग्रजीत, कंपनीच्या कागदावर. चिपवर वापरता येईल असा एकच टायमर आहे, भोंग्याला तो लागतो आणि आपोआप-चालूलाही तोच लागतो, म्हणून दोन्ही एकत्र चालणार नाहीत, सबब नियम काढू नये. पुढं असंही की झाडात बदल केल्यावर ते पुन्हा तपासणं ही सांभाळणाऱ्याची जबाबदारी असते.

सांभाळणारी म्हणजे मी ना? गोल खोडला त्या वर्षी मला झाडाला हात लावायची परवानगी नव्हती, मी नुसती वायरिंगचे नकाशे काढत होते, हे तुला ठाऊक आहे. राहू दे. मी भांडायला लिहीत नाहीये. खरं म्हणजे भांडायलाच लिहितेय.

तीन बोटं गेलेल्या माणसाचं नाव त्या पानावर कुठं नाही. मी पान उलटून मागंसुद्धा बघितलं.

पण टायमरचं कारण कळलं ते बरं झालं. ते वाचून मी हसले, दादा. जेवता जेवता हसले, आणि शेजारच्या काकूंना वाटलं की पत्रात चांगली बातमी आहे. तू लिहिलंस 'एकत्र चालणार नाहीत'. तुला म्हणायचं होतं 'एकाच वेळी चालणार नाहीत'. भोंगा पंप सुरू व्हायच्या आधी वाजतो. वाजून झाला की त्याचं टायमरशी काम संपलं. त्यानंतर आपोआप-चालूनं तोच टायमर घ्यावा. एकामागून एक. दोन बायका एका नळावर भरतात तसं. एका पॅनेलात दोन्ही सोयी ठेवायला काहीच अडचण नव्हती, कधीच नव्हती. त्या दोन शब्दांमधली गफलत तू घाईत केलीस की फरक तुला तेव्हा दिसलाच नाही, माहीत नाही. बंगलोरला जाताना एस.टी. स्टँडवर तू मला म्हणाला होतास की यांचं झाड राखत बस. राखतेय.

नियम काढला. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तिन्ही फांद्यांपुढं आकडे आले. शून्य एकही नाही. आणि तुझ्या चिप भरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी एक ओळ घातली. खूण केलेली सोय बसत नसेल तर तो थांबतो आणि चिप भरतच नाही.

आता चिप लिहिणं राहिलं. ते काही एका दिवसाचं काम नाही.

दीक्षा


सांगली, ४ ऑगस्ट १९९७

दादा,

हे पत्र तुला काही विचारायला नाही.

नवी चिप योजनेवर बसवली. टेबलावर ती बरोबर चालत होती, पण टेबलावरच्या चालण्यावर आता माझा विश्वास नाही. मी साहेबांना म्हटलं, मेन पाडून-उचलून नको, खरी वीज जाऊ दे आणि खरी येऊ दे. ते म्हणाले, "मग थांब तिथं." थांबले. त्या दिवशी नेमकी वीज जाईना. दिवसभर पंप चालू, आणि आम्ही शेडमध्ये चहा पीत बसलेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

जालिंदर आता मीटरचे आकडे लिहितो, डाव्या हातानं. तो म्हणाला, "खाली म्या जातो." मी नको म्हटलं. तो उठून चालायलाच लागला. मग मीही गेले. आक्काताई वहिनी वर पायरीशी उभ्या राहिल्या. आबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

त्यानं किल्ली फिरवली आणि माझ्या हातात दिली. खाली ओल होती, तेलाचा वास होता. आम्ही पंपाच्या कठड्याला टेकून उभे राहिलो. मग त्यानं तुझ्या शाळेतल्या काही गोष्टी सांगितल्या, त्या इथं लिहीत नाही.

वरून भोंगा वाजला. वीज आली होती. भोंगा थांबला. आता कुठल्याही क्षणी पंप सुरू व्हायचा, जुनी चिप असती तर झालाही असता.

शाफ्ट हलला नाही.

आम्ही बघत राहिलो. वरून साहेब काहीतरी ओरडून विचारत होते. आणि मग जालिंदरनं डावा हात पुढं केला आणि शाफ्टवर ठेवला. वीज होती, दादा, वर पॅनेलचे दिवे लागलेले होते. त्यानं हात तसाच ठेवला. गुरावर ठेवतात तसा, पंजा पसरून. मग उचलला आणि धोतराला पुसला.

"बरं झालं," तो म्हणाला. एवढंच.

साहेबांनी काच काढून झाड खाली उतरवलंय. नवं मी काढलं. त्यावर कुणीही काही बदललं, अगदी साहेबांनी, तरी माझा प्रोग्रॅम चालवल्याशिवाय चिप भरायची नाही, असं त्यांनीच खाली लिहून सही केलीय. फलटणच्या चिपा मी परवा एस.टी.नं जाऊन बदलून आले. वडूजला उद्या जायचंय. दादासोनं फोनवर विचारलं, "आपोआप राहतंय न्हवं?" राहतंय म्हटल्यावर म्हणाला, मग या. कुलुपाचं त्यानं काही विचारलं नाही. माणमधली दोन गिऱ्हाइकं अजून फोनच उचलत नाहीत. तिकडं मी आईला घेऊन जाईन आणि दारात बसेन.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जाईल असं मी आईलाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी पायऱ्या चढताना जालिंदरनं विचारलं, "प्रशांतला लिवतीस का अजून?"

"लिहिते."

"मग लिव, भोंगा लय बारका हाय. खाली पंपापाशी नीट ऐकू येत न्हाई. येऊन बघ म्हणावं."

भोंगा मी बदलणार आहे. मोठा मागवलाय, त्यासाठी तुझी गरज नाही. बाकी त्यानं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलंय.

दीक्षा